अपडेट फसलं, आता विचारायचं कसं?

हातातलं यंत्र : लेखांक ११

गेल्या आठवड्यात फोनचं अपडेट वेळच्या वेळी का घ्यावं, ते पाहिलं. आता ते मध्येच फसलं तर काय, ते पाहू.

"अपडेट टाकलं आणि फोन गेला. अर्जंट मदत हवी." इंटरनेटवर मदत मागताना बहुतेक जण एवढंच लिहितात. उत्तर येतं ते 'रीसेट मारून बघा' असं, नाहीतर येतच नाही. उत्तर देणारे सगळे खडूस असतात असं नाही. त्या वाक्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. फोन 'गेला' म्हणजे स्क्रीन काळी पडली, कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच अडकलं, की फोन स्वतःहून पुन्हा पुन्हा सुरू होतोय? तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

अपडेट ढोबळमानाने चार टप्प्यांत होतं: फाइल उतरते, ती खरंच कंपनीचीच आहे ना याची तपासणी होते, ती जागेवर लिहिली जाते आणि मग नव्या सिस्टिमवर फोन पहिल्यांदा सुरू होतो. पहिल्या दोन टप्प्यांत अडलं तर घाबरण्यासारखं काही नाही. जागा कमी असेल, नेटवर्क तुटलं असेल. जुनी सिस्टिम अजून शाबूत आहे. खरा धोका तिसऱ्या टप्प्यात. पूर्वीच्या अँड्रॉइड फोनमध्ये जुन्या सिस्टिमवरच नवी लिहिली जायची. त्या काही मिनिटांत बॅटरी संपली, तर धड जुनं नाही आणि धड नवं नाही अशी गत व्हायची.

२०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर गूगलने दुसरी पद्धत आणली. फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा, 'ए' आणि 'बी'. राहतं घर न मोडता शेजारी नवं बांधून घ्यावं, तसं तुम्ही 'ए' वापरत असताना नवी सिस्टिम 'बी'वर लिहिली जाते. रीस्टार्टनंतर 'बी' सुरूच झाली नाही, तर काही प्रयत्नांनंतर फोन मुकाट्याने 'ए'वर परततो. 'अपडेट झालं म्हणाला, पण व्हर्जन जुनंच दिसतंय' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मात्र ही सोय सगळ्या कंपन्यांनी लगेच स्वीकारली नाही, काहींनी तर कित्येक वर्षं. म्हणून मदत करणारा सर्वांत आधी मॉडेल विचारतो. तेही जाहिरातीतलं नाव नाही, तर डब्यावर किंवा सेटिंग्जमध्ये असतो तो मॉडेल क्रमांक. एकाच नावाचा फोन दोन देशांत वेगवेगळ्या चिपसह विकला जातो आणि एकाची सिस्टिम दुसऱ्यावर चढवायला गेलं, तर उरलासुरला फोनही हातचा जातो.

आयफोनचं निराळं. तिथे अपडेट फसलं की केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येतं. फोन कॉम्प्युटरला जोडला की दोन पर्याय दिसतात: 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. पहिला तुमच्या डेटाला हात न लावता सिस्टिम पुन्हा बसवायचा प्रयत्न करतो. दुसरा सगळं पुसतो. फाइल उतरायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर फोन त्या अवस्थेतून बाहेर पडू शकतो. आपल्याकडच्या धिम्या वायफायवर हे सहज होतं, आणि लोक 'अपडेट' चालत नाही असं समजून 'रिस्टोअर' दाबतात. खरं तर फाइल पूर्ण उतरू द्यायची आणि फोन परत त्याच अवस्थेत नेऊन 'अपडेट'च दाबायचं.

आता लोक हमखास लपवतात त्या गोष्टीकडे येऊ. बाहेरून डिस्प्ले बदलून घेतला होता, बीटा सिस्टिम टाकली होती, फोन रूट केला होता, म्हणजे सिस्टिमची कुलपं काढली होती. ओशाळल्यामुळे हे कुणी सांगत नाही, आणि नेमकी मेख तिथेच असते. आयओएस ९ घेतल्यावर काही आयफोन ६ एकदम निकामी झाले आणि कॉम्प्युटरवर 'एरर ५३' एवढंच दिसू लागलं. यातल्या बऱ्याच फोनांचं होम बटण, ज्यात बोटाचा ठसा ओळखणारा टच आयडी होता, ते कंपनीबाहेरच्या कारागिराने बदललेलं होतं. टच आयडी मूळचाच आहे ना, या फोनच्या चाचणीत ते अडकत होते. ॲपलने आधी हा सुरक्षेचा भाग असल्याचं सांगितलं. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये दुरुस्त केलेलं आयओएस ९.२.१ दिलं, दिलगिरी व्यक्त केली आणि ती चाचणी कारखान्यातल्या तपासणीसाठी होती असा खुलासा केला. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण ग्राहक नियामकाने कोर्टात नेलं आणि २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. 'बटण बदललं होतं' हे वाक्य ज्यांनी तक्रारीत लिहिलं नव्हतं, त्यांना कुणी काय सांगणार होतं?

सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ मध्ये दोष कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं ठेवा, हा त्यातला आग्रह अजून जुना झालेला नाही. 'मदरबोर्ड उडालाय' हे वाटणं. 'चार्जर लावल्यावर फोन थरथरतो, पण स्क्रीन काळीच राहते' हे दिसणं. एक नमुना देतो:

"मॉडेल क्रमांक अमुक, भारतात घेतलेला. अँड्रॉइड १३ वरून १४ चं अपडेट काल रात्री वायफायवर घेतलं, बॅटरी ६० टक्के. रीस्टार्टनंतर चिन्ह येतं, मिनिटभरात फोन बंद होऊन पुन्हा तेच. पॉवर आणि व्हॉल्यूम-अप दाबल्यावर रिकव्हरीचा मेन्यू येतो. पुढे काही केलेलं नाही. डिस्प्ले बाहेरून बदललेला आहे. फोटोंचा बॅकअप नाही, म्हणून रीसेट नको."

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. उत्तर देणाऱ्याला फोन जिवंत करायचा असतो, तुम्हाला मुलीच्या बारशाचे फोटो हवे असतात. अलीकडच्या फोनमध्ये डेटा कूटबद्ध असतो. रीसेटबरोबर त्याची किल्लीही जाते आणि मग कुठल्याही दुकानदाराला तो परत मिळवता येत नाही. शिवाय रिकव्हरीतून, म्हणजे मुख्य सिस्टिमबाहेरच्या दुरुस्तीच्या मेन्यूतून, रीसेट केलेला फोन आधीचं गूगल खातं आणि पासवर्ड मागतो. तो विसरलेल्यांची आणखी एक रांग लागते.

स्क्रीनचा किंवा डब्याचा फोटो टाकताना आयएमईआय आणि सिरियल क्रमांक झाका. 'मी कंपनीचा माणूस, खासगीत बोला' म्हणत स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगणाऱ्यापासून दूर राहा. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. तुमचा फोन तर सुरूच होत नाही; मग ॲप घरातल्या दुसऱ्या, बँक खातं जोडलेल्या फोनवर कशाला हवं? पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

रिकव्हरीच्या मेन्यूत पुष्कळदा 'वाइप डेटा' आणि 'वाइप कॅशे' या दोन ओळी एकाखाली एक असतात. कॅशेवाली फक्त तात्पुरत्या फाइली काढते, दुसरी सगळंच. हा मेन्यू ओळीओळीने पुढच्या आठवड्यात बघू. तोवर त्यातल्या 'रीबूट' सोडून कशालाही हात लावू नका.