जागा आहे, पण ती अडली आहे

बीडच्या सुभाष रोडवर किंवा जालना रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, ही तक्रार खरीच आहे. त्यावरून गावात जागाच कमी आहे असं अनुमान मात्र निघत नाही. भर बाजारातल्या कुठल्याही दुकानाचं शटर उघडताना पाहावं. दहाच्या सुमारास पायरीला टेकून मालकाची स्कूटर लागते, शेजारी नोकरांच्या मोटारसायकली डबल स्टँडवर चढतात, उन्हाने तापू नये म्हणून सीटवर फडकं पडतं, आणि रात्री नऊपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. गिऱ्हाईक अर्ध्या तासात खरेदी उरकून जातं असं धरलं, तर त्या अकरा तासांत एका जागेवर बावीस गिऱ्हाइकांच्या गाड्या लागू शकल्या असत्या. व्यापारी स्वतःचीच बावीस गिऱ्हाइकं रस्त्याच्या मधोमध उभी करतो, आणि मग रस्ता अडला म्हणून नगर परिषदेला निवेदन देतो.

यावर सगळ्यांच्या तोंडी येणारा उपाय म्हणजे बहुमजली पार्किंग. बीडला तो पेलणार नाही, असं माझं मत आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती; जिल्ह्याची मात्र जवळपास २६ लाख. रेल्वे आली तीही १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे इतकी वर्षं गेवराई, पाटोदा, शिरूरची माणसं एसटीने, जीपने नाहीतर दुचाकीवरच बाजाराला यायची. ही गर्दी वर्षभर सारखी नसते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी बाजार फुलतो. लग्नसराईत बस्ता बांधायला जीप भरून माणसं येतात, आणि ती जीप अर्ध्या तासात नव्हे, संध्याकाळी निघते. त्या मोजक्या आठवड्यांच्या मापाने इमारत बांधली, तर उरलेलं वर्ष ती रिकामी पडणार. शिवाय दुकानासमोर फुकट जागा दिसत असताना दोन जिने चढून गाडी लावायला जाणार कोण?

या 'फुकट'पाशीच सगळं येऊन थांबतं. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या किमतीवर मोठा ग्रंथ लिहिला. गजबजलेल्या भागांच्या जुन्या पाहण्या एकत्र करून त्यांनी दाखवलं, की तिथल्या रहदारीत सरासरी ३० टक्के गाड्या नुसती जागा शोधत फिरत होत्या. हा आकडा जसाच्या तसा बीडला लावता येणार नाही; त्यामागचं कारण मात्र लागू पडतं. ज्याला दाम नाही आणि मुदतही नाही, ती जागा आधी येईल त्याची होते, आणि बाजारात सर्वांत आधी येतो तो दुकानदार.

पैसे आकारले तर खेड्यातल्या गरिबालाच फटका बसेल, हा आक्षेप मनापासून घेण्यासारखा आहे. म्हणून पहिला तास दुचाकीला मोफत असावा आणि आकारणी त्यापुढे चढत जावी. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात, तेव्हा मोटारीचा दरही त्याच हिशेबाने हवा. बस्त्याच्या जीपगाड्यांना बाजाराबाहेर मोकळं मैदान नेमून द्यावं. व्यापाऱ्यांची धास्ती वेगळी: गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पण आजही ते दोन फेऱ्या मारून, जागा न मिळाल्याने, निघून जातंच आहे. सर्वांत रास्त शंका वसुलीचा ठेका घेणाऱ्या ठेकेदाराबद्दलची आहे. पावती न देता वसुली होणार असेल तर लोक विरोध करणारच. पुण्यात २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर झालं, विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरतं आक्रसलं आणि तिथंही अडलं. जमलेला पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथवर, स्वच्छतागृहावर खर्च होताना दिसला असता, तर काही लोक तरी धोरणाच्या बाजूने उभे राहिले असते.

बीडमध्ये सुरुवात करायला दराचीही गरज नाही. सुभाष रोडच्या व्यापाऱ्यांनी आपल्या आणि नोकरांच्या गाड्या महिनाभर बाजाराबाहेर लावाव्यात, आणि नगर परिषदेने त्या काळात दर तासाला किती गाड्या येतात-जातात ते मोजावं. ठेका द्यायचा की नाही, हे त्या मोजणीनंतर ठरवता येईल.