रावस, सालमन आणि मिठी नदी

अंधेरी-बोरिवलीच्या हॉटेलांत 'इंडियन सालमन' म्हणून मिळतो, तो आपला रावस. खरा सालमन थंड पाण्यातला. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. रावस उष्ण किनाऱ्यांवरचा. तो खाड्यांत शिरतो. त्याच्या छातीच्या परांखाली प्रत्येक बाजूला ४ सुटे धागे असतात. गढूळ पाण्यात नजर पोचत नाही, तेव्हा या धाग्यांनी चाचपून तो भक्ष्य शोधतो.

मग विहार-पवईकडून निघून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीत असा मासा तगणे कठीण का? अडचण गढूळपणाची नाही, प्राणवायूची आहे. सांडपाणी कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. धाग्यांनी अन्न सापडेल, पण कल्ल्यांना प्राणवायू कोठून मिळणार?

मासळीबाजारात रावस दिसला, तर मुलांना त्याचे धागे मोजायला सांगा आणि हाच प्रश्न विचारा.