आठ दिवसांची रजा

फिलिप द ब्रोका या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘रिओचा माणूस’ हा चित्रपट १९६४ सालचा. जाँ-पॉल बेलमाँदोने रंगवलेला आद्रियां हा साधा शिपाई आठ दिवसांच्या रजेवर पॅरिसला येतो. तेवढ्यात संग्रहालयातून एक प्राचीन मूर्ती चोरीला जाते आणि चोर त्याच्या प्रेयसीलाही पळवतात. खिशात तिकीट नसताना हा गडी त्यांच्यामागे विमानात घुसतो आणि थेट रिओ गाठतो. पुढे नव्याने उभ्या राहणाऱ्या ब्राझिलिया शहरातल्या अर्धवट इमारतींमधून पळापळ, मग ॲमेझॉनचे जंगल. प्रेयसीची भूमिका फ्राँस्वाज दॉर्लेआक हिची.

जेम्स बाँड १९६२ साली पडद्यावर आला होता. पण साहस ही बाँडची नोकरी आहे, तर आद्रियां रजेवर आहे. रजा संपायच्या आत त्याला परतायचे आहे. चित्रपटाचा वेग आणि हसू दोन्ही या मुदतीतून येतात.

या युक्तीचे मूळ ज्यूल व्हर्नपाशी सापडते. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या १८७३ च्या कादंबरीतला फिलिअस फॉग असाच मुदतीने बांधलेला. विशेष म्हणजे तो आपल्याच भागातून जातो. मुंबईहून सुटलेली त्याची गाडी साष्टी ओलांडते, कल्याणला खंडाळा-पुण्याचा फाटा उजवीकडे सोडते आणि पुढे निघते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी आणि कल्याणपर्यंत रूळ पोचले १८५४ मध्ये. कथेतला फॉग येतो १८७२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे व्हर्नने अगदी ताजा मार्ग उचलला होता. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिले. सायकलवर उंडारणारा त्यांचा फास्टर फेणेही शाळकरी पोरच. साहस त्याच्या वाटेत आडवे येते. द ब्रोका आणि बेलमाँदो यांनीही १९६५ साली व्हर्नच्याच चीनविषयक कादंबरीवर पुढचा चित्रपट केला.

‘रिओचा माणूस’ संपतो तो रेल्वे स्थानकावर. आद्रियां वेळेत गाडी पकडतो. त्याचा मित्र धापा टाकत येतो आणि पॅरिसच्या वाहतूक कोंडीतून इथवर पोचताना काय हाल झाले ते सांगू लागतो. अर्धे जग पालथे घालून आलेला आद्रियां गप्प ऐकतो.

पहिल्यांदा पाहताना या शेवटावर मी नुसता हसलो होतो. घोडबंदर रोडवर राहायला आल्यावर तो कळला. गायमुखच्या चढावर ट्रक बंद पडला, की माजिवड्याला पोचलेला माणूस त्या मित्रासारखाच बोलतो. दिग्दर्शक त्या मित्राची टिंगल करत नाही. ज्याला रजा मिळाली, त्याच्या वाट्याला ॲमेझॉन आले. ज्याला मिळाली नाही, त्याच्याकडे सांगायला तेवढा रस्ताच उरतो. आणि दोघांनाही शेवटी एकाच गाडीने कामावर जायचे असते.