वेसाव्याची वाळू आणि शहराचे नाले

अंधेरीच्या पश्चिमेला जमीन संपते तिथे वेसाव्याचा, सरकारी कागदांतल्या वर्सोव्याचा, सुमारे अडीच किलोमीटरचा किनारा आहे. उत्तरेच्या टोकाला कोळीवाडा, होड्यांचा धक्का आणि मालाड खाडीचे मुख. खाडीपलीकडे मढ, तिथला किल्ला १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. पलीकडे जायला आजही फेरीबोट आहे. दक्षिणेला इमारतींची रांग आणि पुढे जुहू. इतकी जुनी वस्ती असूनही वेसावे जगाला माहीत झाले ते कचऱ्यामुळे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा या तरुण वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन इथला कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू दर शनिवार-रविवारी माणसे जमू लागली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शहा यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला, आणि २०१७ पर्यंत उचललेल्या कचऱ्याचा आकडा ५० लाख किलोच्या वर गेल्याचे सांगितले गेले. या आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले. तो नेमके काय सिद्ध करतो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

हा कचरा किनाऱ्यावर तयार होत नाही. आरेच्या टेकड्यांतून येणारी ओशिवरा आणि राष्ट्रीय उद्यानात उगम पावणारी पोयसर, या दोन्ही नद्या मालाड खाडीला मिळतात. मधल्या प्रवासात गोरेगाव, कांदिवली, मालाड इथल्या वस्त्या, बाजार आणि कारखाने त्यांना नाला करून टाकतात. पावसाळ्यात हे सगळे लोंढ्याने खाडीत उतरते, ओहोटीबरोबर बाहेर जाते आणि भरती व नैऋत्येचा वारा मिळून त्यातले बरेच पुन्हा काठावर आणून टाकतात. म्हणून वाळूत सापडतात त्या शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, चपला, थर्माकोल आणि जाळ्यांचे तुकडे. भेळ खाऊन कागद टाकणारा पर्यटक दोषी आहेच, पण एवढा ढीग काही त्याने केलेला नाही. किनारा हे शहराच्या सांडपाणी व्यवस्थेचे शेवटचे टोक आहे आणि स्वयंसेवक त्या टोकावर उभा असतो.

मग आज उचलायचे आणि उद्या भरतीने परत आणायचे, यात अर्थ काय? आक्षेप वजनदार आहे. पण तो प्लॅस्टिकचा स्वभाव विसरतो. पिशवी अखंड असते तोवर ती हाताने उचलता येते. ऊन, खारे पाणी आणि लाटांचा मारा यांनी ती ठिसूळ होते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. कण वाळूत मिसळले, माशांच्या पोटात गेले की ते काढायला ना फावडे उपयोगी ना जेसीबी. म्हणजे सफाईला मुदत आहे, आणि ती चुकली की काम अवघड होत नाही, अशक्यच होते. यंत्राने सगळे खरवडून न्यावे, ही सूचनाही अर्धीच बरोबर. मोठ्या ढिगांना यंत्र लागतेच. पण ते कचऱ्याबरोबर वाळूही नेते आणि वाळूत रुतलेली जाळी शेवटी माणसालाच ओढून काढावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: करदात्याने महापालिकेचे काम फुकट का करावे? याचे उत्तर वेसाव्याच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहा यांनी मोहीम थांबवली. गोळा केलेला कचरा दिवसेंदिवस उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना दमदाटी होते, ही त्यांची तक्रार होती. मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर काम पुन्हा सुरू झाले. स्वयंसेवक गोळा करू शकतो. वाहून नेणे आणि विल्हेवाट लावणे हे पालिकेलाच करावे लागते. ट्रक आला नाही तर पुढचे उधाण तो ढीग पुन्हा समुद्रात नेते. शेकडो माणसे किनाऱ्यावर उभी असली की ट्रक न येणे लपत नाही, हाच या श्रमदानाचा न मोजलेला उपयोग. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिनी, बॅनर धरून फोटो काढणाऱ्यांना हे बळ मिळत नाही. त्यांच्याबद्दलची थट्टा रास्तच आहे.

मार्च २०१८ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दिसली. दोन दशकांत प्रथमच, असे तेव्हा सांगण्यात आले. बातमी सुंदर होती. तरी एका घरट्यावरून किनारा बरा झाला असे म्हणणे घाईचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांचे संवर्धन गावाने वर्षानुवर्षे चालवले आहे. तसे सातत्य असल्याशिवाय वेसाव्याला ती तुलना मागता येणार नाही.

त्याच महिन्यात राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, ताटल्या, कप अशा ठरावीक एकल-वापर वस्तूंवर बंदी आली. पण वाळूत हमखास सापडणारी बहुस्तरीय वेष्टने, वेफर्सची नि शाम्पूची पाकिटे, त्या यादीत नाहीत. त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा नियम २०१६ पासून आहे. पाळला जातो का, हे तपासायचे तर काठावर येणारी पाकिटे कोणत्या कंपनीची आहेत ते कोणीतरी मोजायला हवे. इथे स्वयंसेवकाचा हात कामाचा आहे. नुसते वजन जाहीर करण्यापेक्षा पाकिटांवरची नावे लिहून ठेवली आणि ती यादी दर महिन्याला पालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिली, तर किनाऱ्यावरचे श्रम नाल्याच्या उगमापर्यंत पोहोचतील. तेव्हा जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ बघून जावे, जाड हातमोजे आणि बंद बूट घालावेत, आणि पोत्यासोबत एक वहीही न्यावी.