सशाला उपास चालत नाही

वाशीमला आमच्या शेजारी एक पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आहे. आणला तेव्हा ओंजळीत मावायचा. आता पायरीवर बसला की पोट दोन्ही अंगांनी ओघळतं. सगळ्या घराचा त्याच्यावर जीव, म्हणून सकाळी पोळीचा तुकडा, दुपारी आजीच्या हातचे भिजवलेले हरभरे, संध्याकाळी मुलांचं बिस्कीट आणि येताजाता गाजर. परवा पाठीवरून हात फिरवला तर बरगडी बोटाला लागेना. मग ठरलं, सोमवारी आजीसोबत त्यालाही उपास!

हा उपास त्याच्या जिवावर बेतला असता. सशाचं आतडं गिरणीसारखं आहे. वरून घास पडत राहिला तरच चालतं. खाणं थांबलं की ते मंदावतं, पोटात वायू धरतो आणि सशाला ओकताही येत नाही. त्यात लठ्ठ ससा उपाशी राहिला की अंगावरची चरबी यकृतात साचायला लागते. बारा तास तोंड हललं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर तडक पशुवैद्यक गाठावा.

सशाच्या पोटातली खरी गंमत आंत्रपुच्छाजवळच्या मोठ्या पिशवीत आहे. गवताचे जाड तंतू आतडं बाजूला काढतं आणि कोरड्या गोल लेंड्यांतून टाकून देतं. बारीक भाग मात्र मागे वळून या पिशवीत जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार होतात. मग बाहेर येतात मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या गोळ्या. ससा मान वळवून त्या थेट गुदद्वारापासूनच खातो. किळस येऊ द्या, पण तो त्याचा पौष्टिक आहार आहे. पोट सुटलं की तोंड तिथवर पोहोचत नाही. गोळ्या केसांना चिकटतात, पावसाळ्यात त्यावर माशा अंडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना दिसतात.

तेव्हा खाणं कमी करायचं नाही, बदलायचं. ताटातला मोठा वाटा वाळलेल्या गवताचा. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावूनच ते झिजतात. सोयाबीन-तुरीच्या या जिल्ह्यात हरळी, मारवेल फुकट मिळतं; फक्त तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचं आणू नये. लसूणघास शेळीला छान, मोठ्या सशाला रोज नको: त्यातलं जादा कॅल्शियम लघवीत उतरतं आणि खडे होतात. विकतचं गोळीखाद्य किलोभर वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. गाजर गोड, म्हणून कधीमधी चकतीभर. त्याचा पाला मात्र बिनधास्त. सशाच्या हाती गाजर देण्यात १९४० च्या कार्टूनमधल्या बग्ज बनीचा मोठा वाटा. त्या भाबड्या समजुतीपायी किती सशांची पोटं सुटली असतील! हा बदल दोन-तीन आठवडे घेऊन, हळूहळू करायचा.

कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात गवतातून उडी मारणारा रानससा हा वेगळ्याच जातीचा, पाळीव सशाचा दूरचा भाऊबंद. पण त्याचं ताट पाहण्यासारखं आहे: गवत, पाला, कोंब, आणि तेही धावत मिळवलेले. घरच्या सशाला पळवायचं तर पहाटे किंवा दिवेलागणीला. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की चरबीची गोधडी पांघरलेला ससा धापा टाकतो.

शेजारी आता रविवारी किराणा दुकानात टोपलीसकट त्याचं वजन होतं. पहिल्या रविवारी टोपली वजा जाता चार किलो भरला. आठवड्याला एक टक्का उतरला तरी पुष्कळ, म्हणजे चाळीसच ग्रॅम. गेल्या रविवारी काटा तसूभर हलला नव्हता. दुकानदारानं आजीकडे पाहिलं. आजीनं पदराच्या गाठीतले चार हरभरे मुकाट्यानं काढून काउंटरवर ठेवले.