बंबापासून गीझरपर्यंत

जुन्या महाराष्ट्रीय घरात पहाटे सर्वांच्या आधी जागा होई तो बंब. तांब्या-पितळेच्या त्या उंच भांड्याच्या पोटातून एक नळी वर गेलेली असे. नळीत गोवऱ्या, ढलप्या किंवा कोळसे पेटत आणि भोवतीचे पाणी तापे. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून ऊन पाणी काढून घ्यावे, एवढेच त्याचे शास्त्र. धुराने डोळे चुरचुरत, राखेने हात काळे होत. परंतु बंबाचा एक गुण मान्य करावयास हवा. त्याचे सारे धोके डोळ्यांना दिसत. विस्तव दिसे, धूर दिसे, म्हणून बंब अंगणात किंवा परसात पेटविला जाई. आणि वरचे तोंड उघडे असल्यामुळे आतल्या पाण्याचा दाब कधी वाढत नसे.

आज बंबाची जागा गीझरने घेतली आहे. हे नाव मूळचे आइसलंडमधील एका उसळत्या ऊन पाण्याच्या झऱ्याचे. 1868 मध्ये लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिराने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि त्यास हे नाव दिले. त्या यंत्रात एक मोठी उणीव होती : जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे त्यास नव्हते. पुढे यंत्रे पुष्कळ सुधारली. परंतु नव्या यंत्राचे धोके भिंतीत, टाकीत आणि हवेत लपलेले असतात, ही गोष्ट मात्र तशीच राहिली. म्हणून गीझरचा खर्च मोजताना दुकानातील किमतीबरोबर या न दिसणाऱ्या व्यवस्थेचाही खर्च मोजावा लागतो.

प्रथम प्रश्न येतो तो आकाराचा. स्नानाला सुमारे 40 अंश तापमानाचे पाणी पुरते. गीझरमधील 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापविले आणि नळाचे पाणी 25 अंशांचे असले, तर दोहोंच्या मिश्रणाने 35 लिटर, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या पाणी मिळते. ग्वाल्हेर-दिल्लीकडील थंडीत नळाचे पाणी 15 अंशांपर्यंत उतरले, की तेच यंत्र जेमतेम दीड बादली देते. कोकणातील कुटुंबास जो गीझर पुरतो, तो उत्तरेकडे बदलून गेलेल्या त्याच कुटुंबास अपुरा वाटतो याचे कारण हेच. तेथे 25 लिटरांचे यंत्र घेणे शहाणपणाचे.

विजेचा हिशेबही असाच सोपा आहे. एका युनिटात सुमारे 860 लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढते. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे 72 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर न्यावयास सव्वा युनिट लागते. 15 अंशांवरून न्यावयाचे झाल्यास दोन युनिटांहून किंचित अधिक. युनिटास 8 रुपये धरले तर महिन्याचा खर्च पहिल्या ठिकाणी सुमारे 300 आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे 500 रुपये होईल. टाकीच्या अंगातून निसटणारी उष्णता यात धरलेली नाही. यंत्रावरील तारे त्या गळतीचेच माप सांगतात. तारे अधिक तितकी गळती कमी. टाकी नसलेला तात्काळ गीझर वीज कमी खातो, हा समज अर्धाच खरा आहे. साठवणीतील गळती तेथे वाचते. पण पाणी तापावयास लागणारी वीज तितकीच लागते, आणि ती थोड्या वेळात एकदम ओढली जाते.

येथून खऱ्या खबरदारीचा प्रारंभ होतो. 15 लिटरांचा साठवणीचा गीझर आज साधारणतः सहा ते बारा हजार रुपयांस मिळतो. जोडणीच्या नळ्या, वायर आणि स्विच यांचे पैसे बहुधा निराळे पडतात. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह ओढतो. 3000 वॉटचा 13. दिव्या-पंख्यांचा 6 अँपिअरचा पॉइंट त्यास चालत नाही. त्यासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तांब्याची वायर, शक्यतो 4 चौरस मिलिमीटर जाडीची, आणि 16 अँपिअरचा पॉइंट घ्यावा लागतो. स्विच भिजल्या हाताच्या टप्प्याबाहेर असावा.

याहून महत्त्वाचे आहे ते अर्थिंग. पाणी तापविणारी तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पुरलेली असते. क्षारयुक्त पाण्याने ती नळी कालांतराने कुरतडली जाते आणि एके दिवशी वीज पाण्यात उतरते. अर्थिंग चांगले असल्यास ती जमिनीची वाट धरते आणि फ्यूज किंवा स्वयंचलित स्विच प्रवाह तोडतो. अर्थिंग नसल्यास ती वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या देहातून जाते. प्लगमधील तिसरा, जाड व लांब दांडा याचसाठी आहे. परंतु भिंतीतील तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल तर तो शोभेपुरता उरतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत असे नेहमी आढळते. तेथे आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि 30 मिलिअँपिअर गळतीलाच प्रवाह तोडणारा आर. सी. सी. बी. स्विच बसवावा. हा खर्च टाळण्याजोगा नव्हे.

दुसरा लपलेला धोका दाबाचा. पाणी तापले की फुगते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले, की त्याचे आकारमान फुलपात्रभर वाढते. बंद टाकीत हे फुलपात्रभर पाणी जाणार कोठे? त्यासाठी दाब कमी करणारी झडप असते, आणि तापताना तिच्यातून काही थेंब गळतात. पुष्कळ घरांत ही गळती दोष समजून झडपेचे तोंड बुचाने बंद करण्यात येते. त्यातच तापमान रोखणारी कळ बिघडली तर टाकी फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. त्या थेंबांना मोरीपर्यंत एक बारीक नळी काढून देणे, हाच योग्य उपाय. उंच इमारतीत वरच्या टाकीची दर 10 मीटर उंची सुमारे 1 बार दाब वाढविते. म्हणून गीझर किती दाब सोसतो हे खरेदीपूर्वीच पाहावे. भरलेल्या यंत्राचे वजन वीस-पंचवीस किलो होते. तेव्हा भिंतही पक्की हवी.

तिसरा धोका सर्वांत निःशब्द. गॅसचा गीझर स्वस्त पडतो आणि क्षणात पाणी देतो. परंतु बंद न्हाणीघरात तो पेटला की हवेतील प्राणवायू संपत जातो आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या वार्ता वृत्तपत्रांत येतात. त्यांत पुष्कळदा तरुण आणि धडधाकट माणसे असतात. यावरील उपाय अगदी साधा आहे : यंत्र मोकळ्या हवेच्या सज्जात बसवावे, जळलेला वायू थेट बाहेर जाईल अशी वाट ठेवावी आणि न्हाणीघरात फक्त ऊन पाण्याची नळी आणावी. खर्च येतो तो काही मीटर नळीचा.

ज्यांच्या घरावर मोकळी गच्ची आहे त्यांना सूर्याचा आधार घेता येतो. दिवसाला 100 लिटर पाण्यासाठी सुमारे 2 चौरस मीटरचा, दक्षिणेकडे तोंड केलेला तापक पुरतो. त्याचा आरंभीचा खर्च मोठा, नंतरचा थोडा. मात्र पावसाळ्यात विजेचे साहाय्य लागते, आणि मग अर्थिंगचा नियम त्यालाही लागू होतो.

गीझर बसवून झाल्यावर कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वी गृहस्थाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : अर्थिंग तपासले काय, झडप मोकळी आहे काय, आणि गॅसचे यंत्र असल्यास जळलेल्या वायूस वाट कोणती? पूर्वी बंबाचा धूर डोळ्यांत जाई आणि घरातील माणसे आपोआप दार उघडीत. नव्या यंत्राचा धूर दिसत नाही. म्हणून ते दार आता आठवणीने उघडे ठेवावे लागते.