अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण मैत्रिणींनो, मूळव्याधीच्या बाबतीत जावई डॉक्टर नसला तरी आपण तोंड उघडत नाही. बचत गटाच्या बैठकीत गुडघेदुखी, पाळी, शुगर सगळ्यावर बोलणं होतं. हा विषय मात्र बैठक संपल्यावर, चपला घालताना, कानाशी निघतो.

आमच्या गटातली एक पस्तिशीची बाई. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षं शौचाच्या वेळी रक्त जातंय. नवऱ्यालाही माहीत नाही. दुखत नव्हतं, म्हणून मेडिकलमधलं मलम लावून ती गप्प होती.

फसगत इथेच होते. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. कुंथून कुंथून त्या सुजल्या, खाली सरकल्या की मूळव्याध. आतला मोड सहसा दुखत नाही, नुसतं लालभडक रक्त पडतं. काचेनं कापल्यासारखं दुखत असेल तर ती बहुधा चीर, म्हणजे फिशर. शेजारच्या छिद्रातून पू येत असेल तर भगंदर. आपल्याकडे तिन्हींना मूळव्याधच म्हणतात आणि एकीचं औषध दुसरी लावते.

गरोदरपणात गर्भाशयाचा दाब नसांवर पडतो, आतडी मंदावतात, लोहाच्या गोळ्यांनीही काहींना मलावरोध होतो. (गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.) मग बाळंतपण. बऱ्याच घरांत बाळंतिणीला पाणी अजून तोलूनमापून देतात. डिंकाचे लाडू, तूपभात चालू आणि पालेभाजी ‘बाळाला बाधेल’ म्हणून बंद. टाके ओले, त्यात कुंथायचं! सासूबाईंची माया खरी, पण अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं. हे मी सासूबाईंसमोरच सांगते.

बाजारात भाजी विकणारी, एसटीनं जाणारी शिक्षिका, या दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही. घाईची लागली तरी दाबून धरायची. थांबलेला मळ सुकून खडा होतो. नगरपालिकेकडे स्वच्छतागृह मागणं हाही मूळव्याधीवरचा इलाजच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीचा त्रास घरी आटोक्यात येतो. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी. सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ म्हणतात. आमसूल घालून जरूर खा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातूनच घ्यावं, कमी पाण्यात उलट अडकतं. टबात कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसलं की ठणका कमी होतो. आणि संडासात मोबाइल नको.

एवढ्यानं भागलं नाही तर आतल्या मोडाला रबराचं कडं बसवतात. बहुतेकदा दवाखान्यात दाखल व्हावं लागत नाही. आमच्या त्या बाईचं तेवढ्यावर भागलं, सोबत लोहाच्या गोळ्या. ‘बिनऑपरेशन, एका दिवसात गॅरंटी’ अशा पाट्यांच्या मागे मात्र जाऊ नका. भलतंसलतं जळजळीत औषध लावून जागा आक्रसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, काळसर शौच होतंय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, तर ‘मूळव्याधच असेल’ असं स्वतः ठरवू नका. सरकारी रुग्णालयातही तपासणी होते. कुशीवर झोपवतात, हातमोजा घालून बोटानं आणि छोट्या नळीनं पाहतात. दोन-चार मिनिटांचं काम. डॉक्टर पुरुष असले तर नर्सताईंना किंवा सोबतच्या बाईला आत थांबवून घ्या. तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.